वाहतूक-संशोधन आणि सामान्य नागरिक : डिंडोलीच्या निमित्ताने

सुरत शहराच्या आग्नेय अंगाला डिंडोली नावाची दाट वस्ती आहे. मुंबई-अहमदाबाद आणि उधना-जळगाव या दोन लोहमार्गांच्या लगतचा हा भाग. उधन्याहून निघालेली गाडी नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी स्थानके घेत जळगावला पोचते. याच मार्गाने धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे गेल्या काही पिढ्यांत सुरतेला येऊन स्थायिक झाली. कोणी यंत्रमागावर काम करतो, कोणी रंगाई-छपाईच्या कारखान्यात, कोणी रिक्षा चालवितो, तर कोणाची पत्नी घरी बसून साड्यांवर टिकल्या लावते. त्यामुळे उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात मराठी आणि अहिराणी सहज कानावर पडते.

त्याच सुरतेत सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. १९६१ मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ती स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. तेथील स्थापत्य विभागात वाहतूक-अभियांत्रिकीचे अध्यापन व संशोधन चालते. भारतीय रस्त्यांच्या वहनक्षमतेविषयी जो राष्ट्रीय ग्रंथ दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने तयार करून घेतला आणि २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध केला, त्याच्या कामात देशातील निवडक संस्थांबरोबर सुरतेची ही संस्थाही सहभागी होती.

म्हणजे एकाच शहरात रस्त्याचा शास्त्रीय अभ्यास करणारी माणसे आहेत आणि त्याच रस्त्यावर रोज जीव मुठीत धरून चालणारी माणसेही आहेत. या दोघांची गाठ पडते काय? पडत नसेल तर ती कशी घालून देता येईल? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. उदाहरण डिंडोलीचे घेतले असले तरी प्रश्न आपल्या प्रत्येक शहराचा आहे, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

प्रश्नाचे स्वरूप

संशोधन लोकांपर्यंत पोचत नाही याचे कारण लोक अडाणी आहेत, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे कारण सोयीचे आहे, पण खरे नाही. शेअर रिक्षाचे भाडे दोन रुपयांनी वाढले तर महिन्याच्या खर्चात किती भर पडेल, हे डिंडोलीतील कोणतीही गृहिणी क्षणात सांगू शकेल. खरी अडचण निराळी आहे. संशोधनाचा निबंध लिहिला जातो तो दुसऱ्या संशोधकासाठी. तो इंग्रजीत असतो, त्याची मोजमापे परिभाषेतील असतात आणि तो छापून येईपर्यंत दोन-तीन वर्षे उलटलेली असतात. शिवाय तो ज्या नियतकालिकात छापला जातो त्याची वर्गणी एखाद्या नगरसेवकाने भरावी अशी अपेक्षा करणेही व्यर्थ आहे.

तेव्हा अडथळे चार आहेत : भाषेचा, मोजमापाचा, वेळेचा आणि ठिकाणाचा. यांपैकी केवळ भाषेचा अडथळा दूर केला, म्हणजे निबंधाचे मराठीत अगर गुजरातीत शब्दशः भाषांतर केले, तर काहीच साधणार नाही. न समजणारा इंग्रजी निबंध जाऊन न समजणारा मराठी निबंध हाती येईल, इतकेच!

एक जुना धागा

वाहतुकीचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० साली झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोगटे या सहकाऱ्यासह मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतल्या मोटारबस-वाहतुकीची पाहणी केली. ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तो काळ असा होता की, खाजगी मोटारींमुळे रेल्वेचे उत्पन्न घटते काय, ही सरकारला मोठी चिंता होती. १९३२-३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या अधिकाऱ्यांनी रस्ते-रेल्वे स्पर्धेची जी चौकशी केली तिच्या मुळाशी हीच चिंता होती आणि पुढे १९३९ चा मोटारवाहन कायदा आला. गाडगिळांच्या पाहणीचा विषय मात्र प्रत्यक्ष जिल्ह्यांतील रस्त्यांवर चालणारा मोटारबसचा धंदा हा होता. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. पाहणीतून थेट एस. टी. निर्माण झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु अर्थशास्त्राच्या एका संस्थेने जिल्ह्यातील मोटारबस हा अभ्यासाचा योग्य विषय मानला, ही गोष्ट लहान नव्हे. अभ्यासाचा विषय निवडतानाच तो कोणाच्या उपयोगाचा आहे, हे निम्मे ठरून जाते.

मोजमापाची भाषा

आता मोजमापाच्या अडथळ्याकडे वळू. वाहतूक-अभियंता रस्त्यावरील वाहने मोजतो तेव्हा सायकल, रिक्षा, मोटार आणि बस यांची बेरीज सरळ करता येत नाही, कारण प्रत्येक वाहन निरनिराळी जागा व्यापते. म्हणून त्याने एक एकक ठरविले. एक मोटार म्हणजे एक एकक. बाकीची वाहने मोटारीच्या तुलनेत मोजावयाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत शहरी रस्त्यांसाठी दुचाकीला ०.५ ते ०.७५ आणि बसला २.२ ते ३.७ असे मूल्य दिले आहे. त्या त्या प्रकारची वाहने रहदारीत किती टक्के आहेत, त्यावर यांतील कोणते मूल्य घ्यावयाचे ते ठरते. अलीकडच्या अभ्यासांत ही मूल्ये रहदारीच्या मिश्रणाप्रमाणे आणि वेगाप्रमाणे बदलती धरतात.

अभियंत्याच्या कामासाठी हे एकक उत्तम आहे. परंतु त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा बाहेर आला की अर्थ उलटा होतो. ‘एक बस म्हणजे साडेतीन मोटारींची अडचण’ असा समज होतो आणि बस हीच रस्त्यावरची आडकाठी वाटू लागते. आता त्याच आकड्यांना माणसे जोडून पाहू. समजा, बसमध्ये ४५ उतारू आहेत आणि मोटारीत २. बसचे मूल्य सर्वांत प्रतिकूल, म्हणजे ३.७, धरले तरी दर एककामागे बस १२ माणसे नेते आणि मोटार २. मूल्य २.२ धरले तर बस २० माणसे नेते. म्हणजे तेवढ्याच जागेत बस मोटारीच्या सहा ते दहा पट माणसे वाहून नेते. गणित पाचवीच्या वर्गातले आहे, पण ते कोणी मांडून दाखविल्यावाचून दिसत नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांची नव्हे तर माणसांची ये-जा महत्त्वाची, हे तत्त्व स्वीकारले, त्यातले मर्म हेच आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या एककांच्या कोष्टकात पायी चालणाऱ्या माणसाला स्थान नाही, कारण तो वाहन नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. २०१२ च्या त्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. हातगाडी, विजेचा खांब आणि दुकानाची पायरी वगळून उरलेली ही रुंदी! ‘१.८ मीटर’ हा आकडा लोकांना सांगून उपयोग नाही. ‘समोरासमोर आलेल्या दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींना अडथळा न करता जाव्यात इतकी जागा’ असे सांगितले म्हणजे तो आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो. मग आपल्या गल्लीत तेवढी जागा आहे काय, हे ज्याचे त्याला मोजता येते.

वेगाची गोष्टही अशीच. ताशी ३० आणि ताशी ५० किलोमीटर यांत फारसा फरक नाही, असे दुचाकीस्वाराला वाटते. अकरावीचे पदार्थविज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्याने हिशेब करून पाहावा. ताशी ३० किलोमीटर हा वेग सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून, म्हणजे पहिल्या मजल्यावरून, खाली पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर आदळताना येतो. ताशी ५० चा वेग येण्यासाठी सुमारे दहा मीटर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडावे लागते. ताशी ६० साठी चौदा मीटर. धडकेचा प्रकार आणि पडण्याचा प्रकार तंतोतंत एक नव्हेत, हे मान्य. पण वेग दीडपटीहून थोडा अधिक वाढला तर आघाताची ऊर्जा जवळजवळ तिप्पट होते, हे कळण्यासाठी यापेक्षा चांगले चित्र नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, सरासरी वेग ताशी एक किलोमीटरने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका चार ते पाच टक्क्यांनी वाढतो. टक्क्यांचे हे विधान धोरण ठरविणाऱ्यासाठी आहे आणि मजल्यांचे उदाहरण शाळेतल्या मुलासाठी. दोन्हींतील सत्य एकच.

हा विषय पुस्तकी नाही, हे एका आकड्यावरून कळेल. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. म्हणजे दररोज सुमारे ९० माणसे केवळ चालत असताना मारली गेली. ही बातमी एका ठिकाणी, एका दिवशी घडत नाही म्हणून ती बातमी होत नाही.

दिल्ली आणि अहमदाबाद

संशोधन चांगले असूनही लोकांपर्यंत न पोचल्यास काय होते, याचा धडा दिल्लीने दिला. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील दिनेश मोहन, गीतम तिवारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे अभ्यास करून बससाठी स्वतंत्र मार्गिकेची कल्पना मांडली. सायकल आणि पादचारी यांनाही तीत जागा होती. २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि लगेच ओरड झाली. मोटारींच्या रांगा लागल्या, त्यांची छायाचित्रे रोज छापून आली. त्याच रस्त्यावर बसमधून अधिक माणसे जात होती. परंतु बसमधील माणसाने वाचविलेल्या मिनिटांचे छायाचित्र निघत नाही! प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०१२ मध्ये न्यायालयाने मार्गिका रद्द करण्याची मागणी फेटाळली. न्यायालयात जिंकलेली ही लढाई लोकमताच्या मैदानात मात्र हरली गेली. २०१५ मध्ये दिल्ली सरकारने मार्गिका काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि पुढील वर्षी ती उखडली गेली.

या अपयशाची कारणे एक नाहीत. टप्पा लहान होता, चौकांतील सिग्नलांची रचना सदोष असल्याची टीका होती, बस मोडून पडत. पण मुख्य उणीव अशी की, ज्यांचा फायदा होत होता ते आपला फायदा बोलून दाखवू शकले नाहीत आणि त्यांच्या हाती तसा कागदही कोणी दिला नाही. वाद ‘मोटारीला किती उशीर झाला’ या एकाच मापावर लढला गेला. माणशी किती वेळ वाचला किंवा गेला, हे माप चर्चेत रुजलेच नाही.

अहमदाबादने २००९ च्या ऑक्टोबरात आपली बस-मार्गिका सुरू केली. तिची आखणी तेथील सेप्ट या संस्थेच्या साहाय्याने झाली होती. पण नाव ठेवले ‘जनमार्ग’! थांबा कसा असेल हे लोकांना आधी दिसावे म्हणून नमुन्याचा एक थांबा उभारला गेला. परिभाषेतील चार इंग्रजी अक्षरांपेक्षा ‘जनमार्ग’ हा शब्द बरेच काही सांगून जातो. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना हुबळी-धारवाडचे उदाहरण जवळचे वाटेल. २०१८ मध्ये सुरू झालेल्या तेथील सुमारे २२ किलोमीटरच्या मार्गिकेवरील बसगाड्यांना ‘चिगरी’, म्हणजे हरीण, असे नाव दिले गेले. नावाने सर्व प्रश्न सुटत नाहीत. पण योजना कोणाच्या भाषेत जन्माला आली, हे त्यावरून कळते.

अहमदाबादचा प्रयोग निर्दोष होता असेही नाही. गरीब वस्तीतील लोकांना त्याचा पुरेसा लाभ होत नाही आणि पादचारी व सायकलस्वार यांच्याकडे दुर्लक्ष झाले, असे त्याच सेप्टमधील दर्शिनी महादेविया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासपूर्वक मांडले. ज्या संस्थेने योजना आखण्यास हातभार लावला तिच्यातीलच अभ्यासकांनी तिचे दोष दाखविले, ही विद्येच्या दृष्टीने अत्यंत निरोगी गोष्ट होय. संशोधन लोकांपर्यंत नेणे म्हणजे योजनेची जाहिरात करणे नव्हे, हे येथे स्पष्ट होते.

सुरतेत बस-मार्गिकेचा पहिला टप्पा उधना दरवाजा ते सचिन असा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. पुढे मेट्रोच्या दोन मार्गांचे मिळून सुमारे ४० किलोमीटरचे काम हाती घेण्यात आले. त्याचे भूमिपूजन जानेवारी २०२१ मध्ये झाले. मोठी कामे होत असतात. प्रश्न असा की, डिंडोलीच्या गल्लीतून निघालेला माणूस त्या मोठ्या मार्गापर्यंत पोचतो कसा? चालत, रिक्षाने, की पोचतच नाही?

निर्णय कोण घेतो?

‘सरकारला कळविले पाहिजे’ असे आपण म्हणतो, पण सरकार ही एक व्यक्ती नव्हे. डिंडोलीसारख्या भागात रस्ता आणि पदपथ महानगरपालिकेचे. लोहमार्गावरील फाटक किंवा पूल म्हटला की रेल्वेची संमती हवी. रिक्षांचे परवाने प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आणि चौकातील रहदारीचे नियमन पोलिसांकडे. एकाच निष्कर्षाला चार दारे ठोठवावी लागतात आणि प्रत्येक दाराआडच्या माणसाची गरज निराळी असते. आयुक्ताला खर्च आणि मुदत हवी असते. नगरसेवकाला आपल्या प्रभागातील कोणत्या गल्लीचा प्रश्न सुटेल हे हवे असते. वाहतूक-पोलिसाला कोणत्या चौकात, किती वाजता, एवढे पुरते. या चौघांना एकच दीडशे पानी अहवाल पाठविणे म्हणजे चौघांनाही काहीच न पाठविणे होय.

वेळेचे महत्त्वही तितकेच. महानगरपालिकेचे अंदाजपत्रक सामान्यतः जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेते. एप्रिलमध्ये दिलेली उत्तम सूचना एक वर्ष फडताळात पडून राहते आणि दिवाळीच्या आसपास दिलेली साधी सूचनाही अंदाजपत्रकात शिरू शकते. संशोधकाच्या दिनदर्शिकेत परिषदांच्या तारखा असतात, तशीच ही तारीखही असली पाहिजे.

कायद्याचा आधारही येथे आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक संस्थांनी माहिती आपणहून प्रसिद्ध करावी आणि तसे करताना स्थानिक भाषा व त्या भागातील परिणामकारक माध्यम यांचा विचार करावा, असे म्हटले आहे. सुरतेची स्थानिक भाषा कोणती? अर्थातच गुजराती. परंतु सुरत महानगरपालिका स्वतः गुजरातीबरोबर हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून प्राथमिक शाळा चालवीत आली आहे. मुलाला मराठीत बेरीज शिकविण्याची सोय जी पालिका करते, तिला त्याच्या आईवडिलांना बसमार्गाचा बदल मराठीत सांगणे अशक्य नाही.

एका पानाची टिपणी

मग करावे काय? प्रत्येक प्रबंधाबरोबर, प्रत्येक सर्वेक्षणाबरोबर, एका पानाची टिपणी लोकभाषेत लिहिण्याचा नियम असावा, असे सुचवावेसे वाटते. तिच्यात चार गोष्टी असाव्यात. पहिली, काय पाहिले, कोठे आणि केव्हा. दुसरी, त्याचा परिणाम कोणावर होतो. तिसरी, काय करता येईल आणि ते कोणाच्या अधिकारात आहे. चौथी, या अभ्यासातून काय सांगता येत नाही.

दुसऱ्या मुद्द्याचे उदाहरण घेऊ. ‘वाहतूक-कोंडीमुळे सरासरी विलंब २० मिनिटे’ असे वाक्य अहवालात असते. समजा, एका यंत्रमाग-कामगाराला जाताना २० आणि येताना २० मिनिटे अधिक लागतात आणि तो वर्षातून ३०० दिवस कामावर जातो. वर्षाचे २०० तास झाले. बारा तासांच्या पाळीने हिशेब केला तर या जवळजवळ १७ पाळ्या होतात. सतरा पाळ्यांचे श्रम, ज्यांची मजुरी कोणीच देत नाही! हे वाक्य कामगाराला कळते, कारखानदाराला कळते आणि नगरसेवकालाही कळते. सरासरी विलंबाचा आकडा तोच आहे. फक्त तो ज्याच्या आयुष्यातून वजा झाला त्याच्या नावे मांडला आहे.

टिपणी लिहून ती फळ्यावर लावली म्हणजे काम संपले, असे नाही. ती वस्तीतील मंडळात, शाळेच्या पालकसभेत, रिक्षाचालकांच्या थांब्यावर वाचून दाखविली पाहिजे. पुण्यातील परिसर ही संस्था १९८० च्या दशकापासून नागरी प्रश्नांवर काम करीत आली आहे आणि सार्वजनिक वाहतूक व पादचारी यांचे प्रश्न तिने सातत्याने लोकांपुढे आणि पालिकेपुढे मांडले. २०१६ मध्ये पुणे महानगरपालिकेने पादचारी धोरण स्वीकारले, त्यामागे अशा संस्थांनी वर्षानुवर्षे केलेली तयारी होती. विद्यापीठ आणि पालिका यांच्या मध्ये असा एक दुभाषा लागतो. तो एका सभेने निर्माण होत नाही.

सोपे म्हणजे खोटे नव्हे

येथे एक धोका सांगितला पाहिजे. सोपे करण्याच्या नादात संशोधनातील ‘कदाचित’, ‘साधारणपणे’, ‘या परिस्थितीत’ हे शब्द गळून पडतात आणि निष्कर्ष घोषणा बनतो. असे केले तर आज टाळ्या मिळतील. पण उद्या आकडा चुकीचा ठरला की लोकांचा विश्वास जाईल आणि तो परत मिळणार नाही. म्हणून टिपणीतील चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. ‘आम्ही पावसाळ्यात मोजणी केली नाही’, ‘आम्ही फक्त मुख्य रस्ता पाहिला’ हे साध्या भाषेत सांगता येते. सामान्य माणसाला अनिश्चितता समजत नाही, हा समज चुकीचा आहे. ज्याचे पोट पावसावर किंवा कापडबाजाराच्या तेजी-मंदीवर अवलंबून आहे, त्याला अंदाज म्हणजे काय हे चांगले ठाऊक असते.

उलट दिशेचा प्रवास

आतापर्यंत ज्ञान विद्यापीठातून वस्तीकडे कसे जाईल, याचा विचार झाला. परंतु वाटेने दोन्ही बाजूंनी ये-जा असते. वस्तीजवळही असे ज्ञान आहे जे संशोधकाकडे नाही.

२०११ च्या जनगणनेत लोक कामावर कशाने जातात, हा प्रश्न विचारला गेला. त्या वेळी सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ४४ लाख ६७ हजार लोक राहत होते. इतक्या मोठ्या शहराविषयी अशी माहिती मिळणे ही मोलाची गोष्ट होय. परंतु हे कोष्टक शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपुरतेच आहे. घरी साडीवर काम करणारी स्त्री माल आणण्यासाठी व पोचविण्यासाठी गाठोडे घेऊन चालत जाते. त्या कोष्टकात तिची वाट दिसणार नाही. शाळेत जाणारे मूल दिसणार नाही, दवाखान्यात जाणारी म्हातारी दिसणार नाही. घरोघरी जाऊन दुपारी पाहणी केली, तर रातपाळी करून आलेला कामगार झोपलेला सापडेल आणि त्याच्या रात्रीच्या वाटेची नोंद होणार नाही. रात्री कोणत्या वळणावर दिवा नाही, पावसाळ्यात कोठे पाणी साचते, कोणत्या थांब्यावर बस थांबतच नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला प्रश्नपत्रिका तयार होण्यापूर्वीच विचारले पाहिजे. नंतर विचारणे म्हणजे केवळ सही घेणे.

या कामात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना फार मोठा वाव आहे. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पाच-सहा विद्यार्थ्यांनी एका चौकात पाळी सुटण्याच्या वेळी एक तास उभे राहावे. एकाने वाहने मोजावीत, दुसऱ्याने त्यांतील माणसे, तिसऱ्याने पायी रस्ता ओलांडणारी माणसे आणि चौथ्याने एका पादचाऱ्याला ओलांडण्यासाठी किती सेकंद थांबावे लागले ते घड्याळ लावून टिपावे. हीच मोजणी तीन निरनिराळ्या दिवशी करावी, कारण एका दिवसाची मोजणी फसवी असू शकते. वहीत दोन स्तंभ मांडावेत : वाहनांचे शेकडा प्रमाण आणि माणसांचे शेकडा प्रमाण. हे दोन स्तंभ शेजारी-शेजारी ठेवले म्हणजे रस्ता कोणाचा आहे, हा प्रश्न कोणी न विचारताच विचारला जातो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वेळेचा हिशेब करावा, भूगोलाच्या विद्यार्थ्याने नकाशा काढावा आणि भाषेच्या विद्यार्थ्याने टिपणी लिहावी. भाषेच्या विद्यार्थ्याचे काम शेवटचे म्हणून हलके समजू नये. टिपणी नीट लिहिली गेली नाही तर बाकीच्यांचे श्रम वहीतच राहतील.

आपले नियतकालिक मराठी आणि कन्नड अशा दोन विभागांत निघते. एकच गोष्ट दोन भाषांत सांगताना ती आधी आपल्याला नीट समजली आहे काय, याची परीक्षा होते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. वाहतूक-संशोधनाची परीक्षाही तीच आहे. सुरतेतील संशोधकाला आपला निष्कर्ष गुजरातीत आयुक्ताला आणि मराठीत डिंडोलीच्या कामगाराला सांगता आला, तर तो त्याला स्वतःला कळला असे म्हणावे.

संशोधनाला लागणारा पैसा शेवटी करातून येतो आणि काडेपेटीपासून कापडापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणारा माणूस त्याच रस्त्याने चालतो. आपल्या पैशाने आपल्या रस्त्याविषयी काय शोधले गेले, हे त्याला त्याच्या भाषेत कळणे हा उपकार नव्हे, तो त्याचा हक्क आहे. तो हक्क त्याला मिळवून देणे ज्यांच्या हाती आहे, त्यांत विद्यापीठे आहेत, पालिका आहेत, आणि आपण विद्यार्थी व अध्यापकही आहोत.